अमोलिक काकांचा पाठपुरावा

देवावर आवाज चढवणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. नुसता पाहिला नाही, वर्षभर पहाटे साडेपाचला फरीदाबादच्या थंडीत कुडकुडत त्याच्या मागं मागं चाललोय.

"प्रभू, बी-सतराचं काय झालं?" रस्त्याच्या मधोमध उभं राहून, माकडटोपी काढून काखेत धरून, डोळे गच्च मिटून अमोलिक काका विचारायचे. "मागच्या मंगळवारी सांगितलं होतं. म्हातारीचं प्लास्टर काढलं, पण पाय जमिनीला टेकत नाही. याला काम म्हणतात? हे रीवर्क आहे. बघ जरा."

मग टोपी परत डोक्यावर. "चल, पुढं!"

आणि पुढच्या गेटासमोर परत तेच. टोपी काखेत, डोळे बंद, आवाज टिपेला. अशी एकसष्ट गेटं. मी मोजलीत. झोपेत असताना दुसरं करणार काय माणूस?

शमुवेल अमोलिक. मूळचे आमच्याच श्रीरामपूरकडचे. तीस वर्षं ट्रॅक्टरच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला. समोर पार्ट आला की मायक्रोमीटर लावायचा आणि एक शिक्का मारायचा: ओके, रीवर्क किंवा रिजेक्ट. रिटायर झाल्यावर शिक्के कारखान्यात राहिले, सवय अंगात राहिली. काकांच्या प्रार्थनेत कामं पेंडिंग असायची, रीवर्कला जायची, आणि क्वचित एखादं पास व्हायचं. इतर लोक प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी आमेन म्हणतात. काका काम पास झाल्यावरच म्हणायचे. तोपर्यंत "उद्या परत येतो".

मी डिप्लोमा करून फरीदाबादला गियर कापायच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये चिकटलो, तेव्हा आमच्या मिशन शाळेतल्या सरांनी काकांना पत्र लिहिलं होतं. 'मुलगा बरा आहे. फक्त नकला करतो.' काकांनी पत्र वाचलं, मला वरपासून खालपर्यंत मायक्रोमीटरनं मोजल्यासारखं बघितलं, आणि हाउसिंग बोर्डाच्या त्यांच्या फ्लॅटच्या गच्चीवरची खोली दिली. अट एकच. पहाटे चालायला यायचं.

"काका, पण मी हिंदू आहे," मी म्हणालो. म्हटलं, सुटतोय का बघू.

"मग? हिंदूंना पाय नसतात?"

दुसऱ्या दिवसापासून सुरू. मला उठवायची त्यांची पद्धतसुद्धा माणुसकीला धरून नव्हती. खालच्या मजल्यावर पाण्याच्या पाइपवर ते पाना ठोकायचे. तो आवाज पाइपातून चढत चढत चारही घरांच्या मोऱ्यांमधून फिरून माझ्या उशाशी यायचा. शेजारचे शर्माजी खिडकीतून ओरडायचे, "अमोलिक साहब, रहम करो यार!" काका खालून, "शर्माजी, उठ ही गए हो तो चलो!" शर्माजींची खिडकी बंद.

चालण्याबद्दल काकांची मतं फार कडक. डॉक्टरांनी शुगरसाठी अर्धा तास सांगितला होता, हे चालायचे सव्वा तास. "डॉक्टरला फक्त रक्त कळतं," म्हणायचे. "चालण्यानं रक्त हलतं, ते आहेच. पण मन पण हलतं. एका जागी बसून प्रार्थना केली की माणूस फक्त स्वतःचंच मागतो. रस्त्यावर आलं की दुसऱ्याचं दिसतं."

एकदा माझ्या पायाला फोड आला होता. म्हटलं, काका, आज रिक्षा करू या का थोडी? झालं. भर रस्त्यात थांबले.

"प्रभू गालीलात काय रिक्षानं फिरला? सगळं पायी! गावंच्या गावं पायी! आयुष्यात एकदा गाढवावर बसून शहरात आला, तर आपण अजून दरवर्षी झावळ्या घेऊन त्याचा सण करतो. आणि तू रोज रिक्षात बसणार? काय सण करायचा तुझा?"

फोडासकट चाललो.

आता रस्ता सांगतो, कारण पुढची सगळी भानगड या रस्त्याची आहे. आमच्या हाउसिंग बोर्डाच्या पाठीमागं एक बोळ होता. बोळ संपला की 'ग्रीन मेडोज एन्क्लेव्ह'. मेडो म्हणजे कुरण, हे मी डिक्शनरीत बघितलं. गंमत अशी की आधी तिथं खरंच कुरण होतं. म्हशी चरायच्या. मग प्लॉट पडले, म्हशींना हाकललं आणि कॉलनीचं नाव कुरण ठेवलं. म्हशींच्या जागी आता गेटावर सिमेंटचे सिंह, पुढं दोन-दोन खांब, दारात नव्या गाड्या आणि गाडी पुसायला माणूस. माणसं मात्र रस्त्यावर दिसायची नाहीत. दारातून गाडीत, गाडीतून ऑफिसात. कॉलनीचे प्रेसिडेंट खुराना साहेब, त्यांनी तर चालायचं मशीन आणलं होतं. पहाटे खिडकीतून दिसायचे, पट्ट्यावर धापा टाकत, समोर टीव्ही.

काकांना ते मशीन बघून इतका संताप यायचा की त्या गेटापाशी प्रार्थनेला शब्द सापडायचे नाहीत. "रोज चार किलोमीटर चालतो आणि घराच्या बाहेर पोचत नाही! प्रभू, याला काढ तिथून. रस्ता कशाला बांधलाय मग?"

"काका, सेक्टरच्या पार्कात जाऊ ना," मी म्हणायचो. "सगळे तिथंच जातात. बाकं आहेत, चहावाला आहे."

"पार्कात कोण राहतं?"

"कुणी नाही."

"मग तिथं कुणासाठी मागू? अशोकाच्या झाडांसाठी?"

तर काका एकसष्ट घरांसाठी मागायचे आणि एकसष्टातल्या एकानंही त्यांना कधी आत बोलावलं नव्हतं. मग या घरांची खबर त्यांना कशी? इथं त्यांचं इन्स्पेक्शन कामाला यायचं. कोपऱ्यावर कडुनिंबाखाली रामदुलारे कपडे इस्त्री करायचा. काका परतताना पाच मिनिटं त्याच्याशी बोलायचे.

"रामदुलारे, सी-नऊ में से साहब का शर्ट नहीं आया इस हफ्ते?"

"नहीं चाचा. खाली मेमसाब के सूट आ रहे हैं."

की वहीत नोंद. 'सी-नऊ: गृहस्थ घरी नाहीत. टूर की भांडण? जे असेल ते मिटव.' दुधाच्या पिशव्या दारात लटकून राहिल्या, नोंद. पेपर साचले, नोंद. अँब्युलन्स येऊन गेली, शाळेची बस थांबली नाही, कुत्रा जेवत नाही, नोंद. ही वही म्हणजे कारखान्यातलं जाडजूड लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर, त्याला दोरीनं बांधलेली पेन्सिल. मी आमच्या कँटीनमध्ये याची नक्कल करायचो. टोपी काखेत धरून, "प्रभू, मशीन नंबर सातचं काय झालं?" पोरं टेबलावर डोकं आपटून हसायची. मी पण हसायचो. खरं सांगतो, मला तेव्हा ते येडेपणच वाटायचं.

मग कॉलनीनं गेट लावलं.

लोखंडी गेट, त्यात एक छोटं खिडकीवजा दार, शेजारी केबिन आणि केबिनमध्ये तोमर. तोमर रिटायर्ड फौजी. अहमदनगरला पाच वर्षं होता, त्यामुळं मराठी बऱ्यापैकी समजायची. मिशी अशी की गेट नसतं तरी चाललं असतं. पहिल्या दिवशी त्यानं रजिस्टर पुढं केलं. नाव, पत्ता, किससे मिलना है, किस काम से.

काका लालबुंद. "एकवीस साल से हम लोग इधर से जाते हैं! तुम्हारा गेट कल आया!"

"चाचा, ऑर्डर है."

काका तीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस, रजिस्टरचा अपमान करणं त्यांच्या रक्तात नाही. लिहिलं. 'किससे मिलना है'मध्ये लिहिलं, 'सबसे'. 'किस काम से'मध्ये विचार करून लिहिलं, 'पाठपुरावा'. तोमरनं ते वाचलं, मिशीवरून हात फिरवला आणि सोडलं. असं चार महिने रोज. सबसे. पाठपुरावा. खाली माझी सही, 'साथ में'.

आणि मग बी-बावीसमध्ये चोरी झाली.

घरातले चौघं जम्मूला देवदर्शनाला गेले होते. चोरट्यांनी मागचं दार तोडून व्हीसीआर, चांदीची भांडी आणि भरलेला गॅस सिलिंडर नेला. त्या काळात सिलिंडर गेल्याचं दुःख चांदीपेक्षा मोठं. सकाळी आम्ही पोचलो तर दारात तुटलेलं कुलूप, शेजारी कुजबुज. काकांनी रामदुलारेकडून काय ते ऐकलं आणि तडक बी-बावीससमोर जाऊन उभे राहिले. टोपी काखेत. डोळे बंद. तोंड आभाळाकडं.

"परवाच सांगितलं होतं ना तुला!" असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "परवाच सांगितलं होतं, बी-बावीस रिकामं आहे! चौघंही बाहेर आहेत, रविवारशिवाय येत नाहीत! सगळं नीट सांगितलं, तारखेसकट! आणि तू काय केलंस? हे असं काम?"

मागं तोमर उभा होता. नगरला पाच वर्षं काढलेला. त्याला शब्द न् शब्द कळला.

पुढच्या दहा मिनिटांत काय झालं ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं. तोमरनं काकांचा दंड धरला. लोक जमले. खुराना साहेब मशीनवरून उतरून, गळ्यात टॉवेल घालून आले. घराबाहेर! पहिल्यांदा!

"साहब, ये किसी को बोल रहा था कि बी-बाईस खाली है, चारों बाहर हैं. मैंने अपने कान से सुना."

"किसको बोल रहा था?"

"दिखा नहीं साहब. ऊपर देख के बोल रहा था."

सगळ्यांनी वर बघितलं. दोन पोरं गच्चीवर साथीदार शोधायला धावली. मला हसू पण आलं आणि रडू पण. तेवढ्यात खुराना साहेबांनी काकांच्या हातातलं लाल रजिस्टर ओढलं. देवनागरी सगळ्यांनाच वाचता येते, मराठी अर्धीमुर्धी कळते. घर नंबर, तारीख, कोण बाहेरगावी, कधी परतणार, कुत्रा आहे की नाही, म्हातारं माणूस एकटं कधी असतं. तुम्हीच सांगा, चोराला याहून चांगली वही कोण लिहून देईल?

रविवारी अकरा वाजता मीटिंग ठरली. वही तोवर खुराना साहेबांकडं. पोलिस चौकीत द्यायची की नाही ते मीटिंगमध्ये ठरणार. काकांना कॉलनीत यायला बंदी.

तीन दिवस पाइप वाजला नाही. तुम्हाला वाटेल, मला चांगली झोप लागली असेल. छे! साडेपाचला टक्क जागा व्हायचो आणि पाइपाकडं बघत पडायचो. खाली काकांच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या. दोन खोल्यांत किती चालणार माणूस? तिसऱ्या दिवशी शर्माजी जिन्यात मला विचारतात, "भाई, चाचा ठीक तो हैं?"

रविवारी कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर कनात लावली होती. उन्हात खुर्च्या. समोसे. चोरीची मीटिंग होती की साखरपुडा, कळेना. काका कोट घालून आले, चर्चला जायचा तो कोट. त्यांना बसायला खुर्ची दिली नाही. हे मी विसरणार नाही.

"आप रहते कहाँ हैं?" खुराना साहेबांनी विचारलं.

"आपके पीछे. हाउसिंग बोर्ड में. एकवीस साल से."

"कभी देखा नहीं आपको."

बघा म्हणजे! हा माणूस रोज सकाळी यांच्या गेटासमोर टोपी काढून उभा राहतो, यांच्या घरातल्या कुत्र्याच्या भुकेची चिंता करतो, आणि हे म्हणतात कभी देखा नहीं! माझ्या मस्तकात गेली. मी तोंड उघडलं. "सर, ये प्रार्थना की वही है. ये चलते-चलते आप लोगों के लिए..."

"प्रार्थना है तो पढ़ के सुनाओ," मागून कोणीतरी ओरडलं. "सबके सामने! मालूम पड़ जाएगा क्या है!"

"हां हां, पढ़ो!"

खुराना साहेबांनी वही काकांपुढं केली. सगळं तिथंच मिटलं असतं. दोन पानं वाचली असती तर कुणाला शंका राहिली नसती.

काका म्हणाले, "नहीं."

"क्यों नहीं?"

"इसमें लोगों की तकलीफ है. मेरी नहीं है, मैं कैसे सुनाऊँ?"

"तो फिर चौकी में जाएगी किताब."

"जाने दो. मुझे भी ले जाओ. मैं नहीं पढ़ेगा."

मी काकांच्या कानाशी लागलो. "काका, अहो वाचा ना! नाहीतर चोर ठरवतील तुम्हाला!"

"ठरवू देत," काका मराठीत माझ्यावरच खेकसले. "अरे नकल्या, इन्स्पेक्शनचा रिपोर्ट ज्याचा माल त्यालाच देतात. कारखान्याच्या दारावर चिकटवत नाहीत!"

आणि तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी खुराना साहेबांच्या हातातून वही घेतली. सरळ घेतली, विचारलं नाही. सी-एकचं पान काढलं. "सर, आपका वाला पढ़ूँ? सिर्फ आपके कान में?"

ते काही म्हणायच्या आत त्यांच्या कानाशी वाकलो आणि वाचलं. हिंदीत करून, हळू. काय वाचलं ते तुम्हाला सांगायला हरकत नाही, कारण पुढं खुराना साहेबांनीच ते अर्ध्या कॉलनीला सांगितलं. लिहिलं होतं: 'सी-एक. पहाटे गॅलरीत उभा असतो, हातात बिनवायरचा फोन. अमेरिकेतल्या मुलाचा फोन येत नाही. मग मशीनवर जाऊन धावतो. फोन लावून दे, प्रभू. तिसऱ्यांदा सांगतोय.'

खुराना साहेब बघत राहिले. वहीकडं नाही, काकांकडं. टॉवेल नव्हता त्या दिवशी, नाहीतर तोंड पुसलं असतं. "ये... ये प्राइवेट है," म्हणाले. "ठीक है. ये ठीक है."

"अरे क्या लिखा है जी?" लोक ओरडायला लागले.

तेवढ्यात बी-सतराची म्हातारी, सगळे तिला बीजी म्हणायचे, वॉकर टेकवत उठली. "हट्ट परे. ओए मुंडेया, मेरा वी सुना."

मी तिच्या कानात वाचलं. प्लास्टरचं, रीवर्कचं, सगळं. बीजीनं ऐकलं आणि एकदम खदखदून हसली. "रब्ब नूं डाँटदा है मेरे लई! मेरे मुंडे ने तां डॉक्टर नूं वी नहीं डाँट्या!" तिच्या पोरानं डॉक्टरलाही कधी झापलं नव्हतं, आणि हा तिच्यासाठी देवाला झापतो!

झालं. रांग लागली. खरंच रांग लागली हो! ज्यांनी चौकीत चला म्हटलं होतं ते समोसा हातात धरून माझ्यापुढं उभे. एकेक येतोय, कान पुढं करतोय, ऐकतोय, खुर्चीवर जाऊन बसतोय. कोणी हसलं, एक बाई पदरानं डोळे पुसत गेली. कुणाचं काय होतं ते मी सांगणार नाही, रिपोर्ट ज्याचा त्याला. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज काढलेत, पण त्या दिवशी एकाचाही काढावासा वाटला नाही. बी-बावीसवाले स्वतः आले. 'घर सांभाळ' ही ओळ ऐकली, आणि काकांसमोर जाऊन हात जोडून उभे राहिले. काका त्यांनाच म्हणाले, "सॉरी. बोला था मैंने. मेरी सुनी नहीं."

शेवटी डी-ब्लॉकचे एक गृहस्थ. मी पानं उलटली, परत उलटली. डी-ब्लॉक नव्हताच.

"हमारा नाम ही नहीं है?" ते भडकले. "क्यों? हमने क्या बिगाड़ा है? मेंटेनेंस हम भी देते हैं!"

"आपकी तरफ नाली खुदी है," काका पण भडकले. "छह महीने से! मैं कैसे आऊँ उधर? पहले नाली बंद करवाओ!"

अशी मीटिंग चोरीवरून नालीवर गेली आणि तिथंच संपली. तोमरनं येऊन कडक सॅल्यूट ठोकला. बाकी माफी वगैरे कुणी मागितली नाही, तेवढी अपेक्षा त्या सिंहवाल्या लोकांकडून मी करत पण नाही. वही मिळाली, रस्ता मिळाला. आम्ही निघालो.

बोळात दुपारचं ऊन छान पडलं होतं. वही माझ्याच हातात होती. इतक्या वेळा उलटसुलट केल्यामुळं पहिल्या साठ-सत्तर पानांना लावलेलं रबर तुटलं होतं, पानं मोकळी झाली होती. आणि त्यावरचं अक्षर काकांचं नव्हतं. काकांचं अक्षर म्हणजे खिळे. हे गोल, सावकाश लिहिलेलं.

"काका, ही पानं कुणाची?"

काका चालायचे थांबले नाहीत. "सुशीलाची."

सुशीलाकाकू. मी यायच्या आदल्या वर्षी वारल्या होत्या. घरात एक फोटो होता, त्याबद्दल काका कधी बोलायचे नाहीत आणि मी कधी विचारलं नव्हतं.

"चालायची ती," काका म्हणाले. "आधी म्हशी होत्या तेव्हापासून. मी झोपलेला असायचो. तीस वर्षं शिफ्ट केलेला माणूस मी, मला कसली पहाट! मग ती आजारी पडली. पलंगावरून उठवेना. मला म्हणाली, तुम्ही नुसतं बघून या. बी-सतराचा दिवा लागलाय का, सी-ब्लॉकवरच्या त्या मजूर बाईचं बाळ बरं आहे का. मी जाऊन बघून यायचो आणि तिला रिपोर्ट द्यायचो. ती पडल्या पडल्या मागायची. महिनाभर असं."

वाटेतला एक दगड त्यांनी बुटाच्या टोकानं कडेला सारला.

"ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी पाचला आपोआप जाग आली. जाऊन सगळं बघून आलो. दार उघडलं, तर रिपोर्ट द्यायला घरात कुणी नाही. मग वरतीच द्यायला लागलो. डायरेक्ट." आणि मग एकदम तोच रस्त्यावरचा चढा आवाज: "एकच काम सांगितलं होतं मी त्याला माझं. एकच! ते नाही झालं. आता लोकांची तरी करू देत!"

म्हणजे वर्षभर मी ज्याची कँटीनमध्ये नक्कल केली, तो राग हा होता. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

"तुम्ही वाचलीत ही पानं?"

"नाही. तिची पानं आहेत. मी माझ्या पानापासून सुरू केलं." मग, माझ्याकडं न बघता, "तू वाच. तुझ्या आवाजात वाच. सोंगं नकोत."

बोळाच्या भिंतीला टेकून मी वाचायला लागलो. "मंगळवार. बी-सतरा, नवीन माणसं राहायला आली, म्हातारीला करमू दे. सी-चार, पाया खणला, खड्ड्यात पोर पडू नये. आठशे सत्त्याहत्तर..." मी थांबलो. आठशे सत्त्याहत्तर म्हणजे आमचाच फ्लॅट.

"वाच."

"आठशे सत्त्याहत्तर. हे झोपलेत. पाय दिलेस, चालायची बुद्धी दे."

काका ताठ झाले. "पुढं."

"बुधवार. सी-चार, खड्डा बुजवला, आभार. आठशे सत्त्याहत्तर, हे झोपलेत. उद्या तरी उठव." पान उलटलं. "गुरुवार. आठशे सत्त्याहत्तर, हे झोपलेत. हाक मारली तर हूं म्हणाले. शुक्रवार..."

"रोज?" काका कडाडले. बोळातलं कुत्रं उठून पळालं. "रोज लिहिलंय? रोज माझी तक्रार? आणि वर लेखी? हे खोटं आहे! रविवारी मी उठत होतो! प्रत्येक रविवारी उठत होतो! रविवार काढ तू! आधी रविवार काढ!"

मी घाईघाईनं पान उलटलं. रविवार होता. दोनच ओळी होत्या.

"रविवार. हे आपणहून उठले. चर्चपर्यंत दोघं चालत गेलो, हे वाटेत सारखं बोलत होते. आज काही मागणं नाही."

काकांनी टोपी काढली. काखेत नाही धरली, दोन्ही हातांत धरून तिच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. बोळाच्या टोकाला तोमर गेट लावत होता, त्याचा आवाज आला आणि थांबला.

"पुढचा रविवार बघ," काका म्हणाले.